लिंक दिली म्हणजे जपलं का? वेबवरच्या प्रायोगिक कलेच्या वाटपाचा इतिहास



सिनॉप्सिससाठी विषय शोधताना अलीकडे बरेच जण ‘डिजिटल साहित्य’, ‘वेब आर्ट’, ‘इंटरनेटवरचं प्रायोगिक लेखन’ अशा शब्दांपाशी येऊन थांबतात. विषय नवा आहे, मराठीत त्यावर फारसं लिहिलेलं नाही आणि सगळी साधनं घरबसल्या फुकट मिळतील, असा त्यामागचा हिशेब असतो. या हिशेबातली शेवटची बाब आज तपासून पाहू. कारण या विषयात साधनं मिळतात की नाही, हे त्या काळी कलाकृती लोकांपर्यंत कशी पोचवली गेली यावर ठरतं. हा वाटपाचा इतिहास समजून न घेता कामाला लागलात, तर तीन वर्षांनी प्रबंध सादर करताना तुमच्या दुसऱ्या प्रकरणातली मुख्य कलाकृती उघडतच नाही, अशी वेळ येऊ शकते.

सुरुवातीलाच एक फरक लक्षात घ्या. वेबवर एखादी गोष्ट ‘शेअर’ करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली लिंक देण्याची: ‘माझ्या घरी या आणि बघून जा.’ दुसरी प्रत देण्याची: ‘ही घ्या, तुमच्याकडे ठेवा.’ स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात, पण पहिलीत मालकाने घर बंद केलं की सगळ्यांसाठीच बंद. साठच्या दशकात मुंबईतली लघुअनियतकालिकं निघाली, बंद पडली. तरी आज त्यांच्यावर संशोधन होतं, कारण कुणाच्या तरी ट्रंकेत, माळ्यावर अंक पडून राहिले. लिंकला माळा नसतो. पुढची सगळी उदाहरणं या एका फरकाच्या अंगाने वाचा.

१९९५-९६ : उघडं घर

ओल्या लियालिना ही मॉस्कोतली. प्रायोगिक सिनेमाच्या ‘सिने फँटम’ या क्लबच्या कामात होती. १९९६ मध्ये तिने ‘माय बॉयफ्रेंड केम बॅक फ्रॉम द वॉर’ ही वेब-कलाकृती केली. युद्धावरून परतलेला मुलगा आणि त्याची वाट पाहणारी मुलगी यांचं अडखळत चाललेलं बोलणं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, काही करडी चित्रं. नेटस्केप ब्राउझरमध्ये तेव्हा नुकतीच आलेली ‘फ्रेम’ची सोय तिने वापरली: तुम्ही एका वाक्यावर क्लिक करता आणि पडदा दोन तुकड्यांत फाटतो, मग चार, मग आणखी. बोलणं वाढत जातं तशी जागा अरुंद होत जाते आणि शेवटी बरेच चौकोन नुसते काळे राहतात.

ही कलाकृती पाहायला तिकीट नव्हतं, गॅलरी नव्हती. पत्ता टाइप केला की ती उघडायची. आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे इतिहासकाराने नीट पाहिलं पाहिजे. त्या काळच्या कुठल्याही पानाचा मूळ कोड ब्राउझरमध्ये ‘व्ह्यू सोर्स’ केल्यावर दिसायचा. म्हणजे प्रेक्षकाला चित्र दिसायचं आणि ते कसं काढलं तेही दिसायचं. बरेच कलाकार असेच, एकमेकांच्या पानांचा कोड वाचून शिकले. लियालिनाच्या या कामाची रूपांतरं इतर कलाकारांनी पुढे अनेक केली आणि तिने ती ‘द लास्ट रियल नेट आर्ट म्युझियम’ या नावाने एकत्र ठेवली. मूळ काम आजही पाहता येतं, यात या गोतावळ्याचा वाटा आहे.

याच काळातलं दुसरं नाव ‘जोडी’. योआन हेमस्केर्क आणि डिर्क पेसमन्स या दोघांच्या नावांची पहिली अक्षरं घेऊन हे नाव झालं. आपल्या मराठी ‘जोडी’शी त्याचा मेळ हा निव्वळ योगायोग. १९९५ मधलं त्यांचं एक पान उघडलं की काळ्या पडद्यावर हिरव्या चिन्हांची निरर्थक रांगोळी दिसते. पान बिघडलंय असं वाटतं. पण त्याचा सोर्स उघडला, की तीच चिन्हं ओळीओळींनी नीट बसलेली असतात आणि त्यातून एका बाँबची आकृती तयार होते. ब्राउझर जादाच्या मोकळ्या जागा आणि ओळी मोडून टाकतो, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला कचरा दिसतो.

इथे थांबून विचार करा. या पानाचा स्क्रीनशॉट काढून तुम्ही प्रबंधात लावलात, तर काय लावलंत? पानाचं तोंड. अर्धी कलाकृती सोर्समध्ये राहिली. म्हणून ‘प्रत’ हा शब्द या विषयात सैलपणे वापरता येत नाही. कशाची प्रत, हे दर वेळी सांगावं लागतं.

१९९७-९९ : प्रत ही चोरी, की जतन?

जर्मनीतल्या कासेल शहरात साधारण दर पाच वर्षांनी ‘डॉक्युमेंटा’ हे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन भरतं. १९९७ च्या दहाव्या डॉक्युमेंटात वेबवरच्या कलेलाही जागा मिळाली आणि त्यासाठी प्रदर्शनाची वेबसाइट वापरली गेली. प्रदर्शन १०० दिवसांचं. ते संपलं की वेबसाइटही काढून घेणार, असं जाहीर झालं. तेव्हा स्लोव्हेनियाचा कलाकार वुक चोसिच याने ती आख्खी वेबसाइट उतरवून घेतली आणि लुब्लियानातल्या सर्व्हरवर ठेवली. या कृतीचं नाव ‘डॉक्युमेंटा डन’.

चोसिचने हे केलं ते कलाकृती म्हणून, खोडी म्हणून. ज्या संस्थेने वेबवरच्या कलेला आमंत्रण दिलं, तिनेच मांडव काढावा तशी ती काढून घ्यावी, यावरची ती टीका होती. पण परिणाम काय झाला? एका आडवाटेच्या सर्व्हरवर त्या वेबसाइटची प्रत राहिली. तुम्ही परवानगीच्या बाजूने विचार केलात तर ही चोरी आहे. साधनांच्या बाजूने पाहिलंत तर हे जतन आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही बाजू लिहायच्या असतात.

दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, इव्हा आणि फ्रँको मॅटेस या इटालियन जोडप्याने हाच प्रकार पुढे नेला. ‘हेल’ नावाची एक वेबसाइट निवडक लोकांपुरतीच बंद होती. ती थोड्या वेळासाठी इतरांना खुली झाली तेव्हा त्यांनी तिची नक्कल केली आणि सगळ्यांसाठी उघडी ठेवली. मग लियालिनाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘आर्ट टेलिपोर्टाशिया’ या ऑनलाइन गॅलरीचीही नक्कल केली. या गॅलरीत वेबवरची कला विकायला ठेवली होती. आता विकायचं म्हटलं की अस्सल कुठलं, हा प्रश्न आलाच. फाइल तर दोन्हीकडे हुबेहूब तीच. लियालिनाचा मुद्दा असा, की फरक पत्त्यात आहे: ब्राउझरच्या वरच्या पट्टीत कुठला पत्ता दिसतो, त्यावरून मूळ ओळखायचं. मॅटेस जोडप्याचं म्हणणं उलट. जे सहज कॉपी होतं, त्यात अस्सल-नक्कल करायचंच कशाला?

हा वाद आज जुना वाटेल. पण तळटिपेत तुम्ही कलाकृतीचा पत्ता देता, तेव्हा तुम्ही न कळत लियालिनाच्या बाजूने उभे असता. आणि तो पत्ता मेल्यावर दुसरीकडची प्रत वापरता, तेव्हा मॅटेस जोडप्याच्या बाजूने. कुठे कुठली बाजू घेतली हे पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात लिहून टाका.

संस्था आल्या, पण त्यांनी काय ठेवलं?

न्यूयॉर्कमधलं ‘एडा वेब’ हे नव्वदच्या दशकाच्या मध्यात सुरू झालेलं वेब-कलेचं व्यासपीठ. जेनी होल्झरसारख्या नावाजलेल्या कलाकारांनी तिथे काम केलं. चालवायला पैसा कंपनीचा. १९९८ मध्ये तो थांबला आणि काम बंद पडलं. मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरने त्याच वर्षी हा सगळा संग्रह आपल्याकडे घेतला. संग्रहालयाने इथे लिंक घेतली नाही, प्रत्यक्ष फाइली घेतल्या. म्हणून एडा वेबवर आज लिहिता येतं.

‘राइझोम’ ही संस्था मार्क ट्राइब याने १९९६ मध्ये सुरू केली आणि १९९९ मध्ये तिचा ‘आर्टबेस’ हा संग्रह उघडला. या संग्रहात कलाकृतींच्या नोंदी दोन प्रकारच्या होत्या: ‘लिंक’ केलेल्या आणि ‘क्लोन’ केलेल्या. पहिल्या प्रकारात राइझोमकडे फक्त वर्णन आणि पत्ता, काम कलाकाराच्याच सर्व्हरवर. दुसऱ्यात फाइलींची प्रत राइझोमच्या सर्व्हरवर. वर मी जो फरक सांगितला, तो इथे सरळ नोंदवहीतच आलेला दिसतो. पुढे काय झालं असेल ते तुम्हीच सांगू शकाल. कलाकारांनी डोमेनचे पैसे भरणं सोडलं, सर्व्हर बदलले, नोकऱ्या बदलल्या, आणि लिंक प्रकारातल्या कितीतरी नोंदींमागे काहीच उरलं नाही. नाव आहे, वर्ष आहे, वर्णन आहे, कलाकृती नाही. जुन्या ग्रंथसूचीत ग्रंथाचं नाव असावं आणि पोथी मात्र गहाळ असावी, तसंच हे.

साहित्याची वाट वेगळी

डिजिटल साहित्याची सुरुवात मात्र वेबवर झाली नाही, फ्लॉपीवर झाली. मायकेल जॉइसची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ ही १९८७ मधली हायपरटेक्स्ट कथा. तिच्यात ५३९ तुकडे आहेत आणि वाचक कुठल्या शब्दावर क्लिक करतो त्यावर पुढचा तुकडा ठरतो. ‘ईस्टगेट’ या प्रकाशनाने ती १९९० मध्ये विकायला आणली. शेली जॅक्सनची ‘पॅचवर्क गर्ल’ही ईस्टगेटचीच, १९९५ ची. इथे प्रत होती, अगदी हातात धरण्यासारखी, खोक्यात घालून विकलेली. ग्रंथालयांनी ती विकत घेतली, कपाटात लावली.

तरीही अडलं. कॉम्प्युटर बदलले, फ्लॉपीची खाच गेली, जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रांवर चालेनात. प्रत कपाटात सुखरूप आणि वाचता येत नाही! म्हणून डीन ग्रिगर आणि स्टुअर्ट मोलथ्रॉप यांनी ‘पाथफाइंडर्स’ हा प्रकल्प केला. जुनी यंत्रं चालू स्थितीत ठेवायची, लेखकाला किंवा वाचकाला त्या यंत्रासमोर बसवायचं, त्याला ते काम वाचू द्यायचं आणि वाचन चालू असताना त्याचं चित्रीकरण करायचं. काम टिकलं नाही तरी ते कसं वाचलं जायचं याचा पुरावा टिकतो. मौखिक परंपरेवर काम करणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

दुसरी वाट ‘इलेक्ट्रॉनिक लिटरेचर ऑर्गनायझेशन’ने घेतली. ही संस्था १९९९ ची. ऑक्टोबर २००६ मध्ये तिने ‘इलेक्ट्रॉनिक लिटरेचर कलेक्शन’चा पहिला खंड काढला: ६० कामं, वेबवर खुली, शिवाय सीडीवरही. त्याला क्रिएटिव्ह कॉमन्सचा असा परवाना दिला, की धंदा न करता आणि बदल न करता कुणीही प्रती काढून वाटू शकेल. ग्रंथालयाने सीडी कॉपी करावी, शिक्षकाने वर्गात द्यावी. इथे लिंकही दिली, प्रतही दिली आणि प्रत काढायची परवानगीही लिहून दिली. या तीन गोष्टी एकत्र येणं किती दुर्मिळ आहे, हे तुम्हाला स्वतःचा विषय घेतल्यावर कळेल.

याच्याही पुढचं वाटप निक माँटफर्टच्या ‘तारोको गॉर्ज’मध्ये दिसतं. २००९ मधला हा छोटासा प्रोग्रॅम तैवानमधल्या एका दरीवर न संपणारी कविता रचत राहतो. कोड इतका आटोपशीर, की पानाचा सोर्स उघडून कुणीही वाचू शकतो. स्कॉट रेटबर्गने त्यातले निसर्गाचे शब्द काढून शहराचे घातले आणि ‘टोकियो गॅरेज’ केलं. मग इतरांनी सांगाडा तोच ठेवून आपापले शब्द घातले आणि रूपांतरांची रांगच लागली. २०१६ च्या तिसऱ्या खंडात मूळ कामाबरोबर ही रूपांतरंही आहेत. उद्या माँटफर्टचं पान बंद पडलं, तरी ती रचना निरनिराळ्या सर्व्हरवर, निरनिराळ्या वेषांत जिवंत असेल.

फ्लॅश गेलं तेव्हा

२००० च्या दशकातली कितीतरी हलती, बोलती, संगीतासह येणारी वेब-कामं ‘फ्लॅश’मध्ये केलेली होती. सोलमधली ‘यंग-हे चँग हेवी इंडस्ट्रीज’ ही मंडळी जॅझच्या तालावर भराभर शब्द दाखवणारी कामं करायची, तीही फ्लॅशमध्येच. फ्लॅशची फाइल बंद पेटीसारखी असते. ‘व्ह्यू सोर्स’ केलं तर पेटीचं नाव दिसतं, आतलं दिसत नाही. त्यामुळे दिसायला देखणी असलेली ही कामं वाचून शिकण्यासाठी किंवा रूपांतरासाठी फारशी उपयोगी नव्हती. शिवाय ती पेटी उघडणारं यंत्र एकाच कंपनीच्या हातात होतं. ॲडोबीने २०१७ मध्ये आगाऊ सूचना दिली, ३१ डिसेंबर २०२० ला आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फाइली दाखवणंच थांबवलं.

त्यानंतर ‘रफल’सारख्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे पुष्कळ कामं पुन्हा चालू झाली. पण कुठली? ज्यांच्या फाइलींची प्रत कुणीतरी आधीच ठेवली होती तीच. इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० मध्ये रफल वापरून फ्लॅशचा संग्रह खुला केला तो अशाच प्रतींच्या जोरावर.

आपल्याकडचं काय?

शिल्पा गुप्ता ही मुंबईची कलाकार, जे. जे. मध्ये शिल्पकला शिकलेली. लंडनच्या ‘टेट’ने तिला वेबसाठी काम करायला सांगितलं आणि २००३ मध्ये ‘ब्लेस्ड बँडविड्थ’ झालं. नेटवर्कची केबल निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळी नेऊन तिला आशीर्वाद घ्यायचा आणि मग वेबवर येणाऱ्याने हवा तो धर्म निवडून त्या तारेतून आशीर्वाद घ्यायचा, अशी कल्पना. श्रद्धा, बाजार आणि नव्याने घरोघरी येऊ लागलेलं इंटरनेट, तिन्हींवर एकदम बोट ठेवणारं हे काम.

आता प्रश्न विचारा: जगातल्या वेब-कलेच्या इतिहासात मुंबईचं हे नाव सापडतं ते का? काम चांगलं आहे हे खरंच. पण टेटसारख्या संस्थेने ते मागवलं, त्याची पानं, त्यावरचं लेखन आपल्या संग्रहात ठेवलं, हेही तितकंच खरं. ज्या कामामागे संस्था नव्हती, जे कुणा विद्यार्थ्याने फुकटच्या सर्व्हरवर चढवलं, जे देवनागरीचे फाँट धड दिसत नसलेल्या दिवसांत चित्रं करून मांडलं, त्याची नोंद कोण ठेवणार होतं?

मला वाटतं, या विषयातला सगळ्यात मोठा धोका इथे आहे. ‘मराठीत किंवा भारतात त्या काळी असं प्रायोगिक काम झालंच नाही’, असं वाक्य लिहिणं फार सोपं आहे. संग्रहात काही नाही, म्हणून ते पटतंही. पण संग्रहात नसणं हा न घडल्याचा पुरावा नाही. बऱ्याचदा तो फक्त प्रत न काढल्याचा पुरावा असतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असं वाक्य आलं असेल, तर तिथे ‘उपलब्ध संग्रहांत’ हे दोन शब्द तरी घाला आणि ते संग्रह कुणी, कुठे, कुठल्या भाषेत बसून केले तेही सांगा.

मग आजपासून काय करायचं?

पहिलं, प्रत्येक कलाकृतीसाठी एक नोंदपत्र करा. पत्ता, पाहिल्याची तारीख, ब्राउझर आणि यंत्र, काम लिंकने मिळालं की प्रतीने, परवाना कुठला. लियालिनाचं १९९६ चं काम आजच्या वेगवान इंटरनेटवर क्षणात उघडतं. तेव्हा ते मोडेमवरून सावकाश उतरायचं आणि ते थांबणं त्या बोलण्यातल्या शांततेसारखं वाटायचं. तुम्ही काय अनुभवलं हे लिहून ठेवलं नाहीत, तर हा फरक मांडता येणार नाही.

दुसरं, प्रत ठेवा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. ‘वेबरेकॉर्डर’ परिवारातली मोफत साधनं तुम्ही क्लिक करत जाता तसं पान जसंच्या तसं नोंदवून एका फाइलीत ठेवतात आणि नंतर ती फाइल ऑफलाइन उघडता येते. वेबॅक मशीनवर जुनी रूपं शोधा, पण तिथे चित्रं, ध्वनी किंवा आतली पानं गहाळ असू शकतात हे गृहीत धरा. सोबत सोर्स वेगळा साठवा आणि तुमच्या वाचनाचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा.

तिसरं, हक्कांचा विचार करा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी वापर आणि संशोधन, तसंच टीका-समीक्षा यांसाठी रास्त वापराची मुभा देतं. पण अभ्यासासाठी स्वतःकडे ठेवणं वेगळं आणि ती प्रत आपल्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी लावणं वेगळं. कलाकार हयात असेल तर सरळ ईमेल करून परवानगी मागा. आणि त्याच ईमेलमध्ये विचारा, ‘तुमच्याकडे मूळ फाइली आहेत का?’ जुन्या हार्ड डिस्क ही या विषयातली माळ्यावरची ट्रंक आहे.

चौथं, गाइडशी आणि विभागाच्या ग्रंथपालांशी आत्ताच बोला. तुमचा प्रबंध मान्य झाला की त्याची पीडीएफ ‘शोधगंगा’वर जाईल आणि तिथे राहील. तुम्ही ज्याच्याबद्दल २०० पानं लिहिलीत ती कलाकृती मात्र तिथे नसेल. पुढच्या विद्यार्थ्याने तुमचं म्हणणं तपासायचं म्हटलं, तर त्याला बघायला काय मिळेल? ती नोंदवलेली फाइल विभागात कुठे, कुणाच्या ताब्यात राहील, याची व्यवस्था नोंदणीच्या वेळीच ठरली तर बरं.

या आठवड्यात एवढं करून पाहा: तुमच्या विषयातली पाच कामं निवडा आणि प्रत्येकापुढे ‘लिंक’ की ‘प्रत’ असा एकच शब्द लिहा. पाचही ठिकाणी ‘लिंक’ आलं, तर वाचन थोडं बाजूला ठेवून आधी प्रती काढायला बसा.